कृषी कर्जाचा सामायिक सेतू : युनिफाइड लेंडिंग इंटरफेस

भारतातील ग्रामीण पतपुरवठ्याचा प्रश्न हा केवळ पैशाच्या उपलब्धतेचा प्रश्न कधीच नव्हता. तो तितकाच माहितीच्या उपलब्धतेचाही प्रश्न होता. १९५१-५२ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या वतीने झालेल्या अखिल भारतीय ग्रामीण पत पाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जामध्ये सावकारांचा वाटा दोन-तृतीयांशाहून अधिक असल्याचे आढळून आले. सरकार, सहकारी संस्था आणि व्यापारी बँका यांचा एकत्रित वाटा दहा टक्क्यांपर्यंतही पोहोचत नव्हता. सावकाराचा व्याजदर जबर असूनही शेतकरी त्याच्याकडे जात असे, कारण कोणाची जमीन किती, पीक कोणते, घरात अडचण काय, हे सावकाराला ठाऊक असे. बँकेला यातील काहीच ठाऊक नसे आणि ते जाणून घेण्याचा खर्च तिला परवडत नसे.

त्यानंतरच्या काळात १९६९ चे बँक राष्ट्रीयीकरण, १९७५ मध्ये प्रादेशिक ग्रामीण बँकांची सुरुवात, १९८२ मध्ये नाबार्डची स्थापना आणि १९९८ मध्ये किसान क्रेडिट कार्ड योजना असे महत्त्वाचे टप्पे गाठले गेले. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७७ व्या फेरीनुसार २०१९ मध्ये देशातील ५०.२ टक्के कृषी कुटुंबे कर्जबाजारी होती आणि प्रत्येक कृषी कुटुंबावरील सरासरी कर्ज ७४,१२१ रुपये होते. यातील सुमारे ७० टक्के कर्ज संस्थात्मक स्रोतांकडील होते. ही प्रगती मोठी आहे. तथापि, उर्वरित कर्ज आजही संस्थात्मक चौकटीबाहेरचे आहे आणि त्यात सावकारांचा हिस्सा लक्षणीय आहे. ही दरी कमी करण्यासाठी गेल्या काही वर्षांत एक नवे साधन पुढे आले आहे. कर्ज देणाऱ्या सर्व संस्थांना माहितीच्या सर्व बाह्य स्रोतांशी एकाच ठिकाणाहून जोडून देणारा सामायिक संगणकीय मंच, असे त्याचे स्वरूप आहे. ‘युनिफाइड लेंडिंग इंटरफेस’ अर्थात ‘यूएलआय’ या नावाने तो ओळखला जातो.

माहितीची विषमता आणि व्यवहार खर्च

कर्जबाजार हा इतर बाजारांसारखा का चालत नाही, याचे उत्तर ‘माहितीची विषमता’ या संकल्पनेत सापडते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराच्या उदाहरणावरून असे दाखवून दिले की, विक्रेत्याला वस्तूचा दर्जा ठाऊक आणि खरेदीदाराला तो अज्ञात असेल तर चांगल्या वस्तू बाजारातून बाहेर फेकल्या जातात. १९८१ मध्ये जोसेफ स्टिग्लिट्झ आणि अँड्र्यू वाइस यांनी हाच विचार कर्जबाजाराला लावला. कर्जदारांतील चांगले-वाईट ओळखता येत नसेल तर बँक व्याजदर वाढवून जोखीम भरून काढू शकत नाही, कारण चढ्या दराने प्रामाणिक कर्जदार मागे हटतो आणि बेफिकीर कर्जदार पुढे येतो. परिणामी बँक कर्जाचे रेशनिंग करते. म्हणजे मागणी असूनही अनेकांना कर्ज नाकारते. अकरलॉफ आणि स्टिग्लिट्झ यांना मायकेल स्पेन्स यांच्यासमवेत २००१ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक याच विषयातील कार्याबद्दल देण्यात आले.

याला दुसरी बाजू आहे ती व्यवहार खर्चाची. कागदपत्रांची तपासणी, जमिनीच्या नोंदींची शहानिशा, शेताला भेट या कामांचा खर्च कर्जाच्या रकमेवर अवलंबून नसतो. पन्नास हजारांचे कर्ज असो वा पन्नास लाखांचे, किमान तपासणी करावीच लागते. त्यामुळे कर्ज जितके लहान, तितका प्रत्येक रुपयामागील तपासणी खर्च अधिक पडतो. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील सरासरी धारणक्षेत्र १.०८ हेक्टर असून ८६ टक्क्यांहून अधिक खातेदार अल्प व अत्यल्प भूधारक आहेत. म्हणजेच ज्यांना लहान कर्जाची गरज आहे, तेच बहुसंख्य आहेत आणि बँकेच्या दृष्टीने तेच महागडे ग्राहक आहेत. प्राधान्य क्षेत्राच्या उद्दिष्टांद्वारे बँकांना कर्ज देण्यास बांधून घेता येते. पण केवळ उद्दिष्टामुळे कर्ज देण्याचा खर्च कमी होत नाही.

किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा कशी ठरते?

सामायिक मंचाचे महत्त्व समजण्यासाठी किसान क्रेडिट कार्डावरील पीक कर्जाची मर्यादा कशी काढली जाते, हे पाहणे उपयुक्त ठरेल. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हास्तरीय तांत्रिक समिती पीकनिहाय प्रतिहेक्टर किंवा प्रतिएकर कर्जदर निश्चित करते. या दराला पिकाखालील क्षेत्राने गुणले की मूळ रक्कम मिळते. तिच्यात सुगीपश्चात व घरगुती गरजांसाठी १० टक्के, शेतीच्या साधनांच्या देखभालीसाठी २० टक्के आणि पीक विम्यासारखा खर्च मिळविला जातो.

समजा, एखाद्या पिकाचा कर्जदर हेक्टरी ६०,००० रुपये आहे आणि शेतकऱ्याचे क्षेत्र एक हेक्टर आहे. मूळ रक्कम ६०,००० रुपये, त्यावर १० टक्के म्हणजे ६,००० आणि २० टक्के म्हणजे १२,००० रुपये, अशी पहिल्या वर्षाची मर्यादा विम्याचा खर्च वगळता ७८,००० रुपये होईल. पुढील प्रत्येक वर्षी वाढत्या खर्चापोटी १० टक्के वाढ धरून पाच वर्षांसाठी मर्यादा मंजूर केली जाते.

या संपूर्ण हिशेबासाठी बँकेला मुख्यतः चार गोष्टी कळणे आवश्यक असते : अर्जदार कोण आहे, त्याच्या नावावर जमीन किती आहे, तीत पीक कोणते आहे आणि तिच्यावर आधीचा बोजा आहे का. चारही गोष्टी कोठे ना कोठे नोंदलेल्या असतात. ओळख आधारमध्ये, जमीन महसूल खात्याकडे, पीक पाहणीच्या नोंदीत व उपग्रह चित्रात, तर जुने कर्ज जमिनीच्या अभिलेखात आणि पतमाहिती कंपन्यांकडे. हे सारे एकत्र आणण्याचे काम मात्र शेतकऱ्याच्या पायांवर सोडलेले होते. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्ये या विषयीची भूमिका मांडताना नमूद केले होते की, शेतकऱ्याला बँकेच्या शाखेत व जमीन अभिलेख कार्यालयात वारंवार जावे लागते आणि अर्जापासून कर्ज हाती पडेपर्यंत दोन ते चार आठवडे लागतात. पेरणीच्या तोंडावर चार आठवड्यांचा विलंब म्हणजे प्रत्यक्षात कर्ज नाकारण्यासारखेच होय. अशा वेळी शेतकरी जवळच्या सावकाराकडे किंवा कृषी सेवा केंद्राच्या उधारीकडे वळतो.

जोडणीचे गणित

एका संगणक प्रणालीने दुसऱ्या प्रणालीकडे ठरावीक पद्धतीने माहिती मागावी आणि ठरावीक स्वरूपात उत्तर मिळवावे, यासाठी केलेल्या व्यवस्थेला ‘ॲप्लिकेशन प्रोग्रामिंग इंटरफेस’ किंवा संक्षेपाने ‘एपीआय’ असे म्हणतात. बँकेच्या खिडकीवर विहित नमुन्यातील अर्ज दिला की आतील कारभार कसा चालतो हे न कळताही उतारा हाती पडतो. एपीआय ही संगणकांसाठीची अशीच खिडकी आहे.

अडचण अशी की, प्रत्येक बँकेने प्रत्येक स्रोताशी स्वतंत्र करार करून स्वतंत्र जोडणी उभारली तर जोडण्यांची संख्या गुणाकाराने वाढते. डिसेंबर २०२४ च्या सुरुवातीस यूएलआयवर ३६ कर्जदाते सहभागी होते आणि ५० हून अधिक माहितीसेवा उपलब्ध होत्या. ३६ संस्थांनी ५० सेवांशी स्वतंत्रपणे जोडून घ्यायचे म्हटले तर १,८०० जोडण्या लागतात. मध्ये सामायिक मंच असेल तर प्रत्येकाने फक्त मंचाशी जोडून घ्यायचे असते आणि एकूण ८६ जोडण्या पुरतात. गुणाकाराची जागा बेरीज घेते. नवी बँक आली तर ५० ऐवजी एकच जोडणी वाढते. एखाद्या राज्याने आपल्या प्रणालीत बदल केला तर तो ३६ ठिकाणी नव्हे, एकाच ठिकाणी सामावून घ्यावा लागतो.

या गणिताचा सर्वाधिक लाभ लहान संस्थांना होतो. मोठी बँक स्वतंत्र जोडण्यांचा खर्च पेलू शकते. लहान बँकेला तो अशक्य असतो. सामायिक मंचामुळे प्रवेशाचा खर्च घटतो, स्पर्धा वाढते आणि जाळ्यात येणाऱ्या प्रत्येक नव्या सदस्यामुळे इतर सर्वांसाठी जाळ्याचे मूल्य वाढते. अर्थशास्त्रात याला ‘जाळे परिणाम’ म्हटले जाते. जेथे असा परिणाम प्रबळ असतो, तेथे मंच एकाच खासगी कंपनीच्या हाती गेल्यास मक्तेदारीचा धोका संभवतो. म्हणूनच रस्ते आणि बंदरांप्रमाणे अशा मंचाचा विचार ‘डिजिटल सार्वजनिक पायाभूत सुविधा’ म्हणून केला जातो.

मंचाची वाटचाल

ही कल्पना भारतात अगदी नवी नाही. मे २००६ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय ई-शासन योजनेअंतर्गत विविध खात्यांच्या प्रणाली परस्परांशी जोडण्यासाठी ‘राष्ट्रीय ई-शासन सेवा वितरण प्रवेशद्वार’ उभारण्यात आले. मुंबईच्या सी-डॅक संस्थेने विकसित केलेले हे प्रवेशद्वार २००८ मध्ये कार्यान्वित झाले. मात्र त्या वेळी अनेक खात्यांच्या नोंदीच कागदावर होत्या. दोन टोकांना संगणकीय नोंदी नसतील तर मधल्या सेतूचा उपयोग मर्यादित राहतो, हे त्या काळात स्पष्ट झाले. त्यानंतरच्या काळात आधार, भूमी अभिलेखांचे संगणकीकरण, डिजिटल स्वाक्षरी आणि मोबाइलचा प्रसार यांमुळे पाया तयार झाला.

सप्टेंबर २०२२ मध्ये मध्य प्रदेश व तामिळनाडूतील निवडक भागांत किसान क्रेडिट कार्ड कर्जाच्या संपूर्ण संगणकीकरणाचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला. युनियन बँक ऑफ इंडिया आणि फेडरल बँक यांनी रिझर्व्ह बँक इनोव्हेशन हबच्या सहकार्याने तो राबविला. पुढे कर्नाटक, उत्तर प्रदेश आणि महाराष्ट्र या राज्यांत त्याचा विस्तार झाला. याच सुमारास गुजरातमध्ये अमूलच्या दूध संकलनाच्या नोंदींवर आधारित दुग्ध व्यवसाय कर्जाचाही प्रयोग झाला. या अनुभवाच्या आधारे १७ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने सार्वजनिक तंत्रज्ञान मंचाचा पथदर्शी टप्पा सुरू केला. त्यात १.६ लाख रुपयांपर्यंतची किसान क्रेडिट कार्ड कर्जे, दुग्ध व्यवसाय कर्जे, लघुउद्योगांची विनातारण कर्जे, वैयक्तिक कर्जे आणि गृहकर्जे यांचा समावेश होता. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याला ‘युनिफाइड लेंडिंग इंटरफेस’ हे नाव मिळाले. ६ डिसेंबर २०२४ पर्यंत या मंचाच्या साहाय्याने सहा लाखांहून अधिक, सुमारे २७,००० कोटी रुपयांची कर्जे वितरित झाली होती.

येथे एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. यूएलआय कोणालाही कर्ज देत नाही आणि कर्ज मंजूर वा नामंजूर करीत नाही. तो केवळ माहिती पोहोचवितो. निर्णय आणि जोखीम बँकेचीच राहते.

एकच जमीन, अनेक नावे

असा मंच उभारण्यातील सर्वांत कठीण काम संगणकाचे नसून प्रमाणीकरणाचे आहे. जमीन हा राज्यसूचीतील विषय आहे. महाराष्ट्रात जिला सातबारा म्हणतात, त्या नोंदीला कर्नाटकात आरटीसी किंवा पहाणी, उत्तर प्रदेशात खतौनी, मध्य प्रदेशात खसरा व खतौनी, तर तामिळनाडूत पट्टा व चिट्टा म्हणतात. सातबाऱ्यात गाव नमुना सात हा हक्काचा आणि गाव नमुना बारा हा पिकांचा. इतर राज्यांत ही विभागणी वेगळी आहे. क्षेत्र कोठे हेक्टर-आरमध्ये, कोठे एकर-गुंठ्यांत, तर कोठे बिघ्यात मोजले जाते आणि बिघ्याचे मापही प्रदेशागणिक बदलते. या सर्वांना समान रचनेत बसविल्याशिवाय बँकेच्या संगणकाला त्यांचा अर्थ लागत नाही.

भाषेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. आधारवरील रोमन लिपीतील नाव आणि सातबाऱ्यावरील देवनागरी नाव एकाच व्यक्तीचे आहे, हे ठरवावे लागते. म्हणूनच या मंचावर लिप्यंतर ही स्वतंत्र सेवा ठेवण्यात आली आहे. तरीही एका नोंदीत वडिलांचे नाव, दुसरीत केवळ आडनाव, तिसरीत विवाहापूर्वीचे नाव, अशी तफावत यंत्राने सोडविता येतेच असे नाही. भूखंडाला १४ अंकी विशिष्ट क्रमांक देणे, तसेच सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या डिजिटल कृषी अभियानातून शेतकऱ्यांना ओळख क्रमांक देणे, हे उपाय या संदर्भात महत्त्वाचे ठरतात.

संमती आणि उत्तरदायित्व

माहिती जितकी सहज वाहते, तितका तिच्या गैरवापराचा धोकाही वाढतो. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ नुसार संमती ही मुक्त, विशिष्ट व माहितीपूर्ण असली पाहिजे आणि संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत मिळण्याचा पर्याय नागरिकाला दिला पाहिजे. ग्रामीण कर्जदाराच्या दृष्टीने ही तरतूद मोलाची आहे. मात्र कर्जाच्या निकडीत असलेला शेतकरी पडद्यावरील प्रत्येक चौकटीवर संमतीची खूण करील, हे उघड आहे. त्यामुळे केवळ संमती पुरेशी नसून, कोणत्या कर्जासाठी किती माहिती मागता येईल, याची मर्यादा नियामकाने घालून देणे आवश्यक ठरते.

उत्तरदायित्वाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. भारतातील भूमी अभिलेख हे मालकीची हमी देत नाहीत; विरुद्ध सिद्ध होईपर्यंत ते खरे मानले जातात. फेरफार प्रलंबित असल्यामुळे चुकीची नोंद मंचावरून आली आणि तिच्या आधारे अर्ज नाकारला गेला, तर शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागावी? बँक मंचाकडे, मंच महसूल खात्याकडे बोट दाखवील. यासाठी नकाराचे कारण अर्जदाराला कळविणे आणि नोंद दुरुस्तीसाठी कालमर्यादा ठरविणे, या दोन गोष्टी अपरिहार्य आहेत.

यूपीआयचा धडा

सामायिक मंच यशस्वी झाल्यावर कोणते प्रश्न निर्माण होतात, हे यूपीआयच्या अनुभवावरून समजते. एप्रिल २०१६ मध्ये २१ बँकांसह सुरू झालेल्या यूपीआयवर २०२४-२५ या आर्थिक वर्षात १८,५०० कोटींहून अधिक व्यवहार झाले. या यशासोबत तीन प्रश्नही पुढे आले.

पहिला प्रश्न गर्दीचा. १२ एप्रिल २०२५ रोजी यूपीआय सेवा विस्कळीत झाली, तेव्हा व्यवहाराची स्थिती विचारणाऱ्या विनंत्यांचा अतिरिक्त भार हे त्यामागील प्रमुख कारण असल्याचे निष्पन्न झाले. त्यानंतर १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवरून दिवसातून जास्तीत जास्त ५० वेळा शिल्लक तपासण्यासारख्या मर्यादा लागू करण्यात आल्या. सामायिक कुरणात प्रत्येकाने आपापली गुरे वाढवावीत आणि कुरणच संपावे, तशीच ही स्थिती होय. दुसरा प्रश्न केंद्रीकरणाचा. मंच सर्वांना खुला असूनही दोन ॲप्सकडे ८० टक्क्यांहून अधिक व्यवहार गेले. प्रत्येक ॲपसाठी ठरविलेली ३० टक्क्यांची कमाल मर्यादा लागू करण्याची मुदत वारंवार वाढवावी लागली; डिसेंबर २०२४ मध्ये ती ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत नेण्यात आली. तिसरा प्रश्न खर्चाचा. जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्यांवरील शुल्क शून्य झाल्याने यंत्रणेचा भार बँका आणि शासकीय प्रोत्साहन निधी यांच्यावर आला. यूएलआयच्या बाबतीत हे तिन्ही प्रश्न आरंभीच विचारात घेतले जाणे इष्ट ठरेल.

नोंदीबाहेरचा शेतकरी

या सर्वांहून मूलभूत प्रश्न वेगळाच आहे. मंच फक्त तेच पोहोचवू शकतो, जे कोठेतरी नोंदलेले आहे. तोंडी कराराने जमीन कसणारा कूळ किंवा बटाईदार यांचे नाव अभिलेखात नसते. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार शेती कसणाऱ्या खातेदारांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे १४ टक्केच होते; शेतातील त्यांच्या श्रमांच्या तुलनेत हे प्रमाण अत्यल्प आहे. वडिलांच्या निधनानंतर वारसनोंद न झालेले भाऊ-बहीणही याच वर्गात मोडतात. पूर्वी शाखा व्यवस्थापक प्रत्यक्ष चौकशी करून अशा काहींना कर्ज देऊ शकत असे. संगणकीय प्रक्रियेत ती मुभा संपली तर नोंद असलेल्याला मिनिटांत कर्ज आणि नोंद नसलेल्याला कायमचा नकार, अशी नवी विषमता निर्माण होऊ शकते.

यावरील उपायाची दिशा दुग्ध व्यवसायाच्या प्रयोगात दिसते. भूमिहीन स्त्री रोज सोसायटीत दूध घालते, तेव्हा लिटर, स्निग्धांश आणि रक्कम यांची नोंद तिच्या नावावर होते. हीच नोंद तिची पत बनते. तिला सातबाऱ्याची गरज राहत नाही. आंध्र प्रदेशाने कूळ शेतकऱ्यांसाठी २०११ मध्ये परवानाधारक कसणूकदार कायदा व २०१९ मध्ये पीक कसणूकदार हक्क कायदा करून मालकीला धक्का न लावता कसणाऱ्याची नोंद करण्याचा मार्ग स्वीकारला. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०१६ मध्ये सुचविलेला आदर्श कृषी जमीन भाडेपट्टा कायदाही याच दिशेचा आहे. जून २०२२ मध्ये मंजूर झालेल्या ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाच्या योजनेमुळे, सभासदांना वर्षानुवर्षे ओळखणाऱ्या गावपातळीवरील सोसायट्यांच्या नोंदीही या जाळ्यात येऊ शकतील.

समारोप

युनिफाइड लेंडिंग इंटरफेसमुळे कर्ज देण्याचा खर्च व वेळ कमी होऊ शकतो आणि लहान कर्जे बँकांना परवडू लागतात, ही त्याची खरी ताकद आहे. तथापि, सेतू कितीही भक्कम असला तरी त्याच्यावरून तेच जातील, ज्यांची नावे पलीकडच्या नोंदवहीत आहेत. म्हणून या मंचाच्या यशाचे मोजमाप केवळ वितरित कर्जांच्या संख्येवरून न करता, प्रथमच बँकेचे कर्ज मिळालेल्या अल्पभूधारक, स्त्रिया आणि कूळ शेतकरी यांच्या संख्येवरून करणे अधिक योग्य ठरेल. महसूल खात्यातील फेरफार वेळेवर होणे, कसणाऱ्याची नोंद होणे आणि नोंदी नसलेल्यांसाठी बँकेचा दरवाजा उघडा राहणे, या तीन बाबींची जोड मिळाली तरच ग्रामीण पतपुरवठ्यातील माहितीची जुनी दरी भरून निघेल.